खुर्चीत बसलात की मत खाली ठेवा

सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एकाच मजकुराचा कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवारी सकाळी दहा वाजता, स्टिल्ट पार्किंगमध्ये; कोरम न झाल्यास साडेदहा वाजता त्याच जागी. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यायचं बंधन 1960 च्या सहकार कायद्यात आहे. त्यामुळे सगळ्यांच्या सभा एकदमच येतात. कोरम म्हणजे एकूण सभासदांपैकी दोनतृतीयांश किंवा वीस, यांत जो आकडा कमी असेल तो. तो दहा वाजता होत नाही आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून लोक साडेदहालाच खाली उतरतात, काही जण आंघोळ उरकून, काही जण भांडणाची तयारी करून.

हा मजकूर त्या सभेत टेबलामागे बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही काही पुढारी नाही. बँकेत, शाळेत, रेल्वेत नोकरी झाली, कुणीतरी म्हणालं, "या वर्षी तुम्हीच घ्या हो," आणि नाव लागलं. आता समोर चाळीस-पन्नास खुर्च्या आणि त्यांतल्या पाच-सात खुर्च्यांवर अशी माणसं, ज्यांचं नाव काढलं तरी सचिवांचं ब्लडप्रेशर वाढतं. एक जण उपविधीचं पुस्तक घेऊनच येतो. एकांचं प्रत्येक वाक्य "मी या सोसायटीत पहिल्यापासून आहे" असं सुरू होतं. एक विंग दुसऱ्या विंगचं ऐकायला तयार नसते. आणि एक जण सभेत अवाक्षर काढत नाही, पण पंधरा दिवसांनी उपनिबंधकांच्या कार्यालयातून त्याच्या अर्जाची प्रत येते.

माझं सांगणं एवढंच आहे की यांना गप्प करायच्या मागे लागू नका. त्यांना बोलायला ठरलेली जागा द्या, ठरलेला वेळ द्या, आणि बोललेलं कागदावर येईल याची खात्री द्या. सभा चालवणाऱ्याने स्वतःचं मत दोन तास बाजूला ठेवावं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे.

आधी त्या "त्रासदायक" शब्दाचं बघू. कमिटीच्या बैठकीत हा शब्द फार सहज वापरला जातो. किरकोळ खर्चाखाली एवढी रक्कम कशी, असं विचारणारे निवृत्त बँक अधिकारी त्रासदायक ठरतात. पण अहवालाची पन्नास पानं वाचून आलेला त्या सभेतला तो कदाचित एकटाच माणूस असतो. बाकीच्यांनी अहवाल उघडलेलाच नसतो. त्यांचं लक्ष वडापाव कधी येतो याकडे. सोसायटी मोडते ती प्रश्न विचारणाऱ्यांमुळे क्वचितच. ती मोडते रिकाम्या खुर्च्यांमुळे, जिथे पाच माणसं टाळ्या वाजवून लाखोंचे ठराव मंजूर करतात. हट्टी माणूस निदान खाली उतरून येतो तरी.

घटना समितीत 25 नोव्हेंबर 1949 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं, त्यातल्या इशाऱ्यांची आठवण आपण नेहमी काढतो. त्याच भाषणातला एक भाग मात्र सभा चालवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीच्या अध्यक्षाला किती वेळा उठून उत्तर द्यावं लागलं असेल, विचार करा. तरी शेवटी बाबासाहेबांनी सभागृहातल्या बंडखोरांचे नावं घेऊन आभार मानले. ह. वि. कामथ, आपले विदर्भाचे पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. सगळ्यांनीच पक्षाची शिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर कामकाज नीरस झालं असतं आणि घटनेमागची तत्त्वं उलगडून सांगायची संधीही मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या सभेत राज्यघटना नसते, फार तर बाहेरच्या भिंतीचा रंग असतो. पण आडवे प्रश्न विचारणाऱ्याकडे कसं बघावं, हे तिथून घेता येतं.

आता कामाचं. हट्टी माणसांची सभा अर्धी नोटीस लिहितानाच घडते किंवा बिघडते. विषयपत्रिकेवर "पार्किंगबाबत चर्चा करणे" असं लिहिलंत की तुम्ही दीड तासाच्या गोंधळाला आमंत्रण दिलंत. कारण त्या तीन शब्दांत ज्याला जे हवं ते बसतं. कुणाची ओरखडा पडलेली गाडी, कुणाच्या पाहुण्यांची स्कूटर, कुणाचा बिल्डरवरचा जुना राग. त्याऐवजी असं लिहा: "स्टिल्टमधल्या चौदा जागा पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून द्यायच्या की सध्याचं वाटप चालू ठेवायचं, हे ठरवणे, चिठ्ठ्या टाकायच्या झाल्यास पात्र सभासदांची यादी सोबत जोडली आहे." आता बोलणाऱ्याला दोनच वाटा उरतात. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, असं आदर्श उपविधीत आहे. तेही नोटिशीतच लिहा. सभेत पहिल्यांदा सांगितलेला नियम लोकांना डाव वाटतो. चौदा दिवस आधी घरी आलेला नियम माहिती वाटते.

यावरून आणखी एक. येणाऱ्या भांडणांपैकी बरीचशी सभेने ठरवायची नसतातच. तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, "मी लिफ्ट वापरत नाही, मी लिफ्टचे पैसे का भरू?" यावर मतदान घेऊ नका, वादही घालू नका. लिफ्टचा खर्च सगळ्या सदनिकांवर सारखा, वापर असो वा नसो, असं आदर्श उपविधी सांगतात. भाड्याने दिलेल्या घराचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही सरकारने कधीच ठरवून टाकलंय. "भाडेकरूवाल्यांकडून दुप्पट घ्या" अशी टाळ्याखाऊ सूचना आली तरी ती मताला टाकायची नाही. म्हणून सभेच्या आधी बसून विषय वेगळे काढा. नियमाने ठरलेले कोणते, सभेने ठरवायचे कोणते, आणि नुसतंच कुणाचं गाऱ्हाणं आहे असे कोणते. गाऱ्हाण्यांवर ठराव होत नाही, पण ती ऐकल्याशिवाय बाकीचे ठरावही होत नाहीत.

गाऱ्हाण्याचंच एक उदाहरण घ्या. सातव्या मजल्यावरच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या घरातल्या एक बाई. जूनपासून बेडरूमच्या छताला ओल. आधी पिवळा डाग, मग पापुद्रे, मग गणपतीच्या आधी प्लॅस्टरचा तुकडा थेट पलंगावर. त्यांनी सचिवांना पत्र दिलं, फोटो पाठवले, उत्तर आलं, "पावसाळा संपला की बघू." आता त्या सभेला येतात आणि पहिल्या विषयाला, मागच्या सभेच्या इतिवृत्ताला, उभ्या राहतात. खजिनदार ताळेबंद वाचायला लागले की पुन्हा उभ्या राहतात. सगळे म्हणतात, "अहो काकू, तुमचा विषय शेवटी आहे." शेवटी म्हणजे अकरावा. तोवर दीड वाजलेला असतो आणि निम्मी माणसं जेवायला गेलेली असतात, हे काकूंना मागच्या वर्षीच्या अनुभवाने माहीत आहे. मग त्या प्रत्येक विषयाला बोलणार नाहीत तर काय करतील?

अशा वेळी सभेच्या आठवडाभर आधी अध्यक्षांनी स्वतः सातव्या मजल्यावर जावं. पलंग सरकवून छत बघावं, हात लावून ओल बघावी, चहा घ्यावा. जमलं तर गच्चीवर जाऊन पाणी कुठे साचतं तेही बघावं. तिथे काही कबूल करायचं नाही. फक्त विचारायचं, "सभेत तुम्हाला नेमकं काय ठरून हवंय?" बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं निघतं: "काम कधी सुरू होणार ती तारीख सांगा, आणि छताचे पैसे माझ्याकडून मागू नका." गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीने वरच्या घराचं छत बिघडलं तर ते दुरुस्त करणं सोसायटीचंच काम आहे, उपविधीत तसं स्पष्ट आहे. म्हणजे भांडण्यासारखं फारसं काही उरलंच नाही. मग तो विषय अकराव्यावरून तिसऱ्यावर आणा, दोन कंत्राटदारांचे दर सोबत ठेवा. काकू एकदा बोलतील, वीस मिनिटांत ठराव होईल, आणि पुढच्या आठ विषयांना त्या शांत बसतील. कदाचित कुणाला तरी "अहो, त्यांना बोलू द्या" असंही म्हणतील.

घरी जाण्याचं मी सांगतो त्यात एक धोका आहे, तो आत्ताच सांगून टाकतो. एका बाजूच्याच घरी गेलात तर जिन्यात बातमी पसरते की सेटिंग झालं. म्हणून जायचं तर दोन्हीकडे जा, आणि गेल्याचं सभेत उघडपणे सांगा: "मी या विषयावर देशपांड्यांना भेटलो आणि शेख साहेबांनाही भेटलो." मतं जमवायला जाऊ नका. प्रश्न समजून घ्यायला जा. माणसांना हा फरक दारातच कळतो.

वॉट्सअॅप ग्रुपवर सभेच्या आदल्या रात्री लढू नका. अकरा वाजता आलेल्या लांबलचक मेसेजला एकच उत्तर द्या: "मुद्दा नोंदवला, उद्या विषय क्रमांक पाचमध्ये घेतो." आणि खरंच घ्या.

सभेच्या दिवशी खुर्च्या कशा मांडल्यात ते बघा. वॉचमनला सांगितलं की तो शाळेच्या वर्गासारख्या रांगा लावतो आणि कमिटीला टेबलामागे एका ओळीत बसवतो. समोरून बघणाऱ्याला ती आरोपींची ओळ दिसते, टेबलामागच्यांना समोर जमाव दिसतो. खुर्च्या अर्धगोलात लावा. कमिटीपैकी अध्यक्ष आणि इतिवृत्त लिहिणारा एवढेच पुढे बसोत, बाकीचे सभासदांत मिसळोत. एक माईक, तो हातोहात फिरणारा. ज्याच्या हातात माईक तो बोलतो. आवाज मोठा असलेल्या माणसाचा अर्धा फायदा इथेच जातो.

कोपऱ्यात ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवा, जाड स्केचपेन ठेवा. कुणी मुद्दा मांडला की तो त्याच्याच शब्दांत त्यावर लिहा आणि विचारा, "बरोबर लिहिलं का?" तुमच्या शब्दांत लिहिलंत तर पुढची दहा मिनिटं तो शब्द दुरुस्त करण्यात जातील. त्याच्या शब्दांत लिहिलंत की तो बसतो. लोक तेच तेच पुन्हा बोलतात ते बहुधा आपलं म्हणणं कुठे पोचलंय हे दिसत नसल्यामुळे. तिसऱ्यांदा तोच मुद्दा आला की कागदाकडे बोट करा: "हा तुमचा दुसरा मुद्दा, इथे आहे. यात काही वाढवायचंय?" असं विचारताना आवाजात टोमणा नको, एवढं सांभाळा.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकदाच. सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा माईक नाही. हा नियम विषय सुरू व्हायच्या आधी सांगायचा आणि पहिल्यांदा स्वतःच्या मित्रावर लागू करायचा. पहिली फेरी मजल्याप्रमाणे फिरवली तर आणखी एक गोष्ट घडते. मागच्या ओळीत बसलेल्या बायका बोलतात. घर दोघांच्या नावावर असतं, मेंटेनन्सचा चेक कधी कधी त्याच भरतात, पाणी किती वाजता जातं हे त्यांनाच माहीत असतं, पण "कुणाला काही बोलायचंय का?" असं सगळ्यांना मिळून विचारलं की हात वर होतात ते पुढच्या ओळीतले. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगितलंय, ते उगाच नाही.

आता खुर्चीबद्दल. अध्यक्ष वादात पडला की सभा संपली असं समजा. पंचानेच बॅट हातात घेतली तर आऊट कुणी द्यायचं? तुमचं मत कितीही बरोबर असो, रंगाचं कंत्राट कुणाला द्यावं हे तुम्हाला कितीही नक्की माहीत असो, खुर्चीतून ते बोलू नका. सचिव बोलतील, खजिनदार बोलतील, तुमच्या मताचा एखादा सभासद बोलेलच. अगदीच राहवत नसेल तर, "या विषयापुरता मी सभासद म्हणून बोलतो," असं सांगून उठा आणि तेवढ्यापुरतं दुसऱ्याला बसवा. विषय तुमच्याच गच्चीवरच्या शेडचा किंवा तुमच्याच पार्किंगचा असेल तर मात्र उठणं भागच आहे. अध्यक्ष हजर नसेल किंवा खुर्ची घ्यायला तयार नसेल तर हजर सभासदांनी आपल्यातला एक निवडावा, अशी सोय आहे. तिचा वापर फार कमी लोक करतात. खुर्ची सोडली की मान जातो अशी एक समजूत आहे. मी तर उलटंच होताना पाहिलंय. समान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं. तेवढी वेळ आली तर ते द्या, तोवर पुरे.

आरडाओरडा होणारच. "तुम्ही पैसे खाल्ले" हे वाक्यही एखाद्या वर्षी येणारच. त्यावर अध्यक्षाने "मी खाल्ले? सिद्ध करा!" असं म्हणू नये. खजिनदाराने व्हाउचरची फाईल आधीच टेबलावर आणून ठेवलेली असावी. "कोणत्या खर्चाबद्दल म्हणताय? पान सांगा, आपण सगळे बघू." फाईल हातात आली की बोलणारा एक तर पान शोधतो किंवा खाली बसतो. पान सापडलं आणि त्यात खरंच काही गडबड निघाली तर ती तशीच्या तशी इतिवृत्तात लिहा. लपवलेली गडबड पुढच्या वर्षी व्याजासकट येते. कुणाच्या घरावर, जातीवर, नोकरीवर, बायकामुलांवर शब्द गेला तर मात्र तिथेच थांबवा, आणि तो शब्द तुमच्या विरोधकाबद्दल असेल तर आणखी लवकर थांबवा. सभा कुणाच्या बाजूची आहे हे लोक त्या क्षणी जोखतात. आवाज फारच चढले तर उभे राहा, लिहिणाऱ्याला पेन खाली ठेवायला सांगा, आणि चहा आधी मागवा. दहा मिनिटांनी पुन्हा बसल्यावर शेवटचं वाक्य ज्याचं राहिलं होतं त्यालाच आधी बोलू द्या.

उपविधी घेऊन येणाऱ्या गृहस्थांना घाबरू नका. त्यांना जवळची खुर्ची द्या आणि म्हणा, "साहेब, क्रमांक सांगा आणि मोठ्याने वाचा." निम्म्या वेळी त्यांचं बरोबर असतं, तुमची चूक वेळेत कळते. उरलेल्या निम्म्या वेळी वाचता वाचता त्यांच्याच लक्षात येतं.

पुनर्विकासाच्या सभेची गोष्ट वेगळी आहे, तिथे जरा थांबून बोलायला हवं. रंग चुकला तर पाच वर्षांनी पुन्हा लावता येतो. घर एकदाच पडतं. अशा सभांत इतके वाद झाले, सह्यांवरून आणि हजेरीवरून इतक्या तक्रारी गेल्या, की सरकारला स्वतंत्र निर्देश काढावे लागले. 2009 च्या निर्देशात तीनचतुर्थांश सभासदांची हजेरी लागायची. 4 जुलै 2019 च्या निर्देशात हजेरी दोनतृतीयांशावर आली आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती पुरेशी झाली. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, आणि विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर हवा.

51 टक्के हा कायद्याचा आकडा आहे. तेवढ्यावर ठराव होतो, घरं रिकामी होतात असं नाही. उरलेल्यांतला एखादा आजोबा "मी इथून हलणार नाही" म्हणून बसला आणि कोर्टात गेला की काम वर्षानुवर्षं अडतं, आणि त्यात त्याची चूक असतेच असं नाही. त्याला करार वाचायला मिळालेला नसतो. त्याच्या मनात भाड्याचा, कॉर्पसचा, आजारी बायकोला घेऊन दोन-तीन वर्षं कुठे राहायचं याचा प्रश्न असतो, आणि चारशे स्क्वेअर फुटांच्या घोषणेत तो कुणी ऐकलेलाच नसतो.

इथे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडून शिकण्यासारखं आहे. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव येतं, आणि ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्यासाठी ते ओळखलं जातं. एकाचा विरोध असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. लोकांना हे ऐकून नवल वाटतं की मग तिथे काम होतं तरी कसं. त्यामागे त्यांची एक जुनी पद्धत आहे. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. बाहेरचा जाणकारही तिथे येऊ शकतो. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नसतो. मत लगेच द्यायचं नसल्यामुळे माणूस मोकळेपणाने विचारतो, आणि मत बदललं तर त्याचं तोंड खाली जात नाही.

शंभर घरांच्या सोसायटीत सर्वसहमती मागत बसा असं मी म्हणणार नाही. तो आग्रह शहरात एका माणसाच्या हातात सगळ्यांची मान देतो. पण दोन सभा घ्या. पहिली फक्त माहितीची, तिच्यात ठराव नाही, सूचक-अनुमोदक नाही, हात वर करणं नाही. आर्किटेक्ट आणि वकील येऊन बसतील, ज्याला जे विचारायचंय ते विचारेल, प्रश्न कागदावर उतरतील. मग महिन्याभराने, त्या प्रश्नांची लेखी उत्तरं घरोघर पोचल्यावर, रीतसर नोटीस देऊन ठरावाची सभा. आजोबा पहिल्या सभेत काय बोलले ते दुसऱ्या सभेच्या कागदात दिसलं, तर ते निदान कोर्टाऐवजी तुमच्याशी बोलत राहतात.

मताची वेळ आली की लाजू नका. "सर्वानुमते मंजूर" लिहायची आपल्याला भारी हौस. पाच जणांनी विरोध केलेला असतो तरी लिहिणारा सर्वानुमतेच लिहितो, आणि तिथून तक्रार अर्ज जन्माला येतो. हात मोजा. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, आकडे लिहा. कुणी म्हणालं, "माझा विरोध नावासकट नोंदवा," तर आनंदाने नोंदवा, कारणासकट. आणि प्रत्येक ठराव झाला की पुढच्या विषयाला हात घालण्याआधी तो तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवा. तीन आठवड्यांनी घरी बसून आठवून लिहिलेल्या इतिवृत्ताइतकं भांडण दुसरं काहीच लावत नाही. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" या शेवटच्या ओळीत पैशाचा कुठलाही निर्णय घेऊ नका. निम्मे लोक गेल्यावर घेतलेला निर्णय नियमात बसला तरी पचत नाही.

हे सगळं करूनही काही माणसं बधत नाहीत. दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवलेला सभासद दरवर्षी हिशोबावरून गोंधळ घालतो, कारण गोंधळ चालू आहे तोवर थकबाकीदारांची यादी वाचली जात नाही. हा हट्टीपणा नाही, हा हिशोब आहे. त्याच्याशी गोड बोलण्यात वर्ष घालवू नका. यादीचा विषय लवकर घ्या, वसुलीची कायदेशीर नोटीस काढा, सभेत त्याला बाकीच्यांइतकाच वेळ द्या, कमी नको आणि जास्तही नको. आणि कुणी "मी रजिस्ट्रारकडे जाईन" म्हणालं तर ती धमकी समजू नका. तो त्याचा हक्क आहे. "जरूर जा, इतिवृत्ताची प्रत हवी असेल तर अर्ज द्या, मी देतो," असं ज्याला शांतपणे म्हणता येतं त्याचे कागद नीट असतात.

हरलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन या. रंगाच्या दरावर सगळ्यांत जास्त शंका घेणाऱ्याला निविदा उघडताना बोलवा, मोजमापाच्या वेळी टेप धरायला लावा. त्याला खूश करायचं म्हणून नको; मोजमाप तो खरंच नीट बघतो म्हणून.

आणि तुम्ही स्वतःच ते उपविधीवाले किंवा "पहिल्यापासून आहे"वाले असाल, तर तुम्हालाही दोन शब्द. प्रश्न लेखी द्या, सभेच्या आठ दिवस आधी द्या. सभेत पकडण्यासाठी राखून ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, नुसता खुलासा मिळतो. आणि सचिव हा बिनपगारी माणूस आहे, हे ध्यानात असू द्या.

राहिलं तारखेचं. वार्षिक सभेला पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते, त्यात नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. सभा 28 सप्टेंबरला असेल तर नोटीस 13 तारखेपर्यंत प्रत्येकाच्या हातात हवी, सहीसकट. त्याआधी घरी जाऊन भेटायचं, दर मागवायचे, विषय वेगळे काढायचे, म्हणजे आणखी दोन-तीन आठवडे. बऱ्याच वर्षी याच दिवसांत गणपती येतात आणि सोसायटीची निम्मी माणसं गावी जातात. तेव्हा विषयपत्रिकेचा कच्चा कागद ऑगस्टच्या मध्यालाच करून ठेवा, आणि सातव्या मजल्यावर पाऊस पडत असतानाच जाऊन या.